अल वक्र्यात समतेवर बोलताना

आखातात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनो, तुमची तक्रार मला मान्य आहे. वर्षानुवर्षं राबायचं, पण नोकरी बदलायची म्हटलं की जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र हवं. तो नाही म्हणाला की खलास. शिकलेला, गाडी बाळगणारा माणूस, पण त्याचे पाय दुसऱ्याच्या परवानगीनं चालतात.

मी कतारला गेले तीही या तक्रारीमुळेच. फुटबॉलचा विश्वचषक अजून लांब होता, देशभर खोदकाम चालू होतं. दोह्याजवळच्या एका मराठी वाचनमंडळानं मला कराडहून व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांचाच: युरोपातले प्रबोधनाचे विचार आणि राज्यक्रांत्या. मंडळाचा संदीप फोनवर म्हणाला, "ताई, जोरात बोला. फक्त इथल्या सरकारबद्दल नको."

"फ्रान्सच्या राजाबद्दल चालेल ना? तो वारलाय."

भारतीयांना तेव्हा विमानतळावरच फुकट व्हिसा मिळत होता. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी ठेवावा. विमानतळातूनच मेट्रो निघते. दोन रियालचं तिकीट, वाटेत एकदा गाडी बदलायची आणि अल वक्र्याला उतरायचं; संदीपचं घर तिथंच. डिसेंबरात गेलात तर स्वेटर न्या, संध्याकाळी वारा झोंबतो.

संदीप नाशिकचा. मेसईदच्या कारखान्यांचं काम घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत इंजिनियर. बायको वैशाली शाळेत शिकवते. मुलीशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देते. घर सांभाळायला श्रीलंकेची सुमना, त्यांच्याकडेच राहणारी. माझ्यासाठी पहिल्या संध्याकाळी तिनं केलेली आमटी वैशालीच्या आमटीपेक्षा तिखट होती, आणि ते वैशालीनंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं मशैरबला गेलो. तिथं एका जुन्या घरात गुलामगिरीवरचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, आणि दोह्यात एकच गोष्ट पाहणार असाल तर ही पाहा. हिंद महासागर ओलांडून आणलेली, मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारी माणसं. काही लपवलेलं नाही, काही रंगवलेलंही नाही. बाहेर वेलदोड्याचा करक चहा पिताना संदीप म्हणाला, "आम्हीही तेच की, ताई. फक्त एसीत."

"एसी ही लहान गोष्ट नाही," मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी त्याच्याच दिवाणखान्यात व्याख्यान झालं. सोफे भिंतीला सरकवले, सतरंज्या अंथरल्या, सुमनानं वडे तळले. मी सांगितलं की राजा देवानं नेमलेला नसतो, आणि माणूस हक्क घेऊनच जन्माला येतो, हे आधी कॉफीच्या दुकानांत आणि स्वस्त पत्रकांत बोललं गेलं. मग त्याच बळावर अमेरिकेतल्या वसाहती उठल्या, पॅरिस उठलं. पण स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या कित्येकांच्या मळ्यांवर गुलाम होते. हैतीतल्या गुलामांनी तीच भाषा उचलली आणि फ्रेंच मालकांवरच उगारली. विचाराची खरी परीक्षा तो कुणाच्या घरात शिरतो यावर होते, असं म्हणून मी थांबले. टाळ्या चांगल्या पडल्या.

संदीप उठला. "दुसरी कंपनी मला घ्यायला तयार आहे, ही सोडत नाही. पासपोर्टसुद्धा यांच्या कपाटात. का, तर म्हणे सुरक्षित राहतो! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघरात चहा घेत होते. सुमना वैशालीला म्हणाली, "मॅडम, पासपोर्ट चाहिए. बेटी की डिलिव्हरी है. पहला बच्चा."

"अरे सुमना, एक्झाम के बाद जाना ना. पासपोर्ट एकदम सेफ है, भगवान के पास." मग माझ्याकडे वळून, "देवघराखालच्या खणात ठेवलाय हो, ताई. तिला सांगितलंय, तिथं हात लावायचा नाही. आम्हीही पारोशानं लावत नाही. हरवायचा प्रश्नच नाही."

"म्हणजे संदीपच्या कंपनीनंही देवघर केलंय म्हणायचं."

संदीप बुटाच्या नाड्या बांधत होता. "ताई, ते वेगळं. आम्ही हिला घरच्यासारखं वागवतो."

"राजेही प्रजेला लेकरंच म्हणायचे."

"बोलायला काय जातं तुम्हाला!" वैशाली उसळली. "माझी शाळा, मुलीची परीक्षा, हा उजाडायच्या आत मेसईदला. ती गेली आणि आलीच नाही तर?"

"कंपनीही हेच म्हणते, वैशाली. संदीप गेला तर?"

सुमना भांडी घासतच राहिली. पाणी जरुरीपेक्षा मोठं सोडलं होतं. वैशाली आंघोळीला गेली. ओल्या केसांनी देवघरापुढं बसली, पूजा केली, नेहमीपेक्षा भराभर. उठताना खण उघडला आणि पासपोर्ट सुमनापुढं धरला. "ले. वापस कब आयेगी?"

"बेबी देख के, मॅडम."

एवढंच. सुमनानं हात पुसले, पासपोर्ट आपल्या खोलीत नेला आणि येऊन कणीक मळायला घेतली.

कराडला परतल्यावर दोह्याचे मनोरे माझ्या डोळ्यांपुढून लवकर गेले. समुद्राकाठचा अल वक्र्याचा जुना बाजार थोडा राहिला, ते संग्रहालय पुष्कळ राहिलं. पुढच्या महिन्यात संदीपचा फोन आला. सुमना गेली, तिला नात झाली. परतीचं काहीच कळवलं नाही. वैशाली पोळ्या लाटतेय आणि चिडलीय. त्याचं ना-हरकत पत्र अजून अडकलेलंच.

"तुमच्या व्याख्यानानं तोटाच झाला, ताई."

"कुणाचा?" मी विचारलं. तो हसला. मनापासून नाही, पण हसला.

तेव्हा मंडळींनो, मालकाशी भांडा, सरकारकडे अर्ज करा. मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण आज कामावरून घरी गेलात की कपाट, लॉकर, देवघर, जिथं असेल तिथून तुमच्या घरी राबणाऱ्या बाईचा पासपोर्ट काढा आणि तिच्या हातात द्या. परत कधी येशील, हे तिला विचारायच्या आधी.