बोर्ड काढलेल्या फ्रिजमधली थंडी

आधीच सांगून टाकतो – मी अशा गोष्टी सांगणाऱ्यांना हसणारा माणूस आहे. बावीस वर्षं वायुसेनेत रडारची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती केली, निवृत्तीनंतर सांगलीला परत न जाता चंदीगडलाच राहिलो. मनीमाजऱ्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. फ्रिज, एसी यांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. बिघाडाला कारण असतंच, ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच माझा धर्म. म्हणून हे लिहायला इतके महिने लागले...

गेल्या जूनमधली गोष्ट. चंदीगडलगतच्या मुल्लानपूरच्या एका नव्या टॉवरमधून शर्वरीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा ओंकार, दोघंही मोहालीत आयटीत. मूळचे नाशिकचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली.

"काका, फ्रिज मधेच बंद पडतो हो. कंपनीचा माणूस दोनदा सेन्सर बदलून गेला. माझ्या इराचं औषध असतं त्यात..."

इरा त्यांची आठ वर्षांची मुलगी. तिला हाडांचा एक दुर्मिळ आजार. त्याचं इंजेक्शन बाहेरच्या देशातून यायचं, अर्ज केल्यावर चार-चार महिन्यांनी. दोन ते आठ अंशांतच ठेवायचं, नाहीतर फेकून द्यायचं. सहा बाटल्या नुकत्याच आल्या होत्या.

बुधवारी गेलो. अकरावा मजला, पश्चिमेला तोंड, समोर अर्धवट बांधलेल्या इमारती आणि मधे उरलीसुरली शेतं. मी पोचलो तेव्हा फ्रिज नेमका शहाण्यासारखा चालत होता. मधूनच येणारा बिघाड हा सगळ्यात वाईट. म्हणून मी औषधाच्या खोक्याशेजारी एक लॉगर ठेवला. काडेपेटीएवढं यंत्र असतं, बॅटरीवर चालतं, दर दोन मिनिटांनी तापमान लिहून ठेवतं.

शुक्रवारी सकाळी परत गेलो तर फ्रिज ठप्प. मागचं झाकण उघडलं. सेन्सर ठीक, पंखा ठीक. बोर्डावर येणारा वीजपुरवठा बरोबर, पण कॉम्प्रेसरकडे काहीच जात नव्हतं. भिंगातून पाहिलं तर कॉम्प्रेसर चालवणाऱ्या चिपला बारीक तडा गेलेला. या नव्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर थेट विजेवर चालत नाही, बोर्डाने चालवला तरच चालतो. चिप दिल्लीहून मागवावी लागणार होती. मी प्लग काढला, बोर्ड सोडवून पिशवीत टाकला आणि शर्वरीला बजावलं, "सोमवारपर्यंत हे नुसतं कपाट आहे, समज. औषध आत्ताच्या आत्ता शेजारी हलव."

"हो काका, ग्रेवाल आंटींकडे ठेवते."

लॉगर आतच विसरलो. ते वर्कशॉपला आल्यावर लक्षात आलं, म्हटलं राहू दे, सोमवारी घेऊ.

मी निघाल्यावर तासाभरात इराला सणकून ताप भरला, हे मला नंतर कळलं. दोघं तिला घेऊन हॉस्पिटलला पळाले. तिथे ॲडमिट केलं. शर्वरीला वाटलं, आपण लिफ्टपाशी ओंकारला औषधाचं सांगितलंय. ओंकारला वाटलं, तिने ते आधीच हलवलंय. तीन दिवस दोघंही पोरीच्या खाटेपाशी. फ्लॅट बंद, खिडक्या बंद, बाहेर चव्वेचाळीस अंश.

सोमवारी सकाळी इराला घरी सोडलं. त्याच वेळी मी बोर्ड घेऊन दारात. शेजारच्या ग्रेवाल आंटी चहा घेऊन आल्या. शर्वरी म्हणाली, "आंटीजी, वो दवाई का बॉक्स दे देना, आज शाम को लगाना है."

"कौन-सा बॉक्स, पुत्तर? मेरे पास तो कोई बॉक्स नहीं."

शर्वरीने ओंकारकडे पाहिलं, ओंकारने शर्वरीकडे. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"तू ठेवलं नाहीस?"

"मी तुला सांगितलं होतं ना..."

मीच फ्रिजचं दार उघडलं. असा भपकारा आला की मी तोंड फिरवलं. दूध फुटून फुगलेलं, भाजीचं पाणी झालेलं. वरच्या फ्रीझरमधलं वितळून खाली ओघळून वाळलेलं. आणि मधल्या कप्प्यावर ते पांढरं पुठ्ठ्याचं खोकं. शर्वरी तिथेच फरशीवर बसली. रडली नाही, नुसती खोक्याकडे बघत राहिली. इरा सोफ्यावरून विचारत होती, "मम्मा, क्या हुआ? मम्मा?"

खोकं बाहेर काढायचं म्हणून मी हात घातला... आणि हात तिथेच थांबला.

थंड होतं. गार पाण्याच्या माठाला हात लागावा तसं नाही, चांगलं थंड. खोक्यावर दव धरलं होतं. मी हात वीतभर खाली नेला तर उकडलेली, कुबट हवा. वर नेला तरी तीच. परत खोक्यापाशी आणला – थंडी. जणू त्या एवढ्याशा जागेला कुणीतरी ओंजळीत धरलं होतं.

मी ओंकारला म्हटलं, "हात लाव." त्याने लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

बॅगेतून तापमान मोजायची गन काढली. खालचा कप्पा, सदतीस. दाराची आतली बाजू, अडतीस. खोकं, चार. पाच वेळा मोजलं. चार. प्लग जमिनीवर पडलेला, मी शुक्रवारी टाकला होता तसाच. बोर्ड माझ्या पिशवीत. ग्रेवाल आंटींनी डोक्यावर ओढणी घेतली आणि हात जोडून पुटपुटल्या, "वाहेगुरू... वाहेगुरू."

शर्वरीने उठून दोन्ही हातांनी खोकं उचललं आणि आंटींच्या फ्रिजमध्ये नेलं. मी हात त्या रिकाम्या जागेवर ठेवूनच उभा होतो. मिनिटभरात ती जागा बाकीच्या फ्रिजसारखी उबट झाली. माझ्या तळहाताखाली ती थंडी निघून गेली, हे मी अनुभवलं.

मग लॉगर लॅपटॉपला जोडला. चालत्या फ्रिजचा आलेख करवतीच्या दातांसारखा असतो – कॉम्प्रेसर चालू, बंद, चालू, बंद. शुक्रवारी सकाळपर्यंत तसाच होता. फ्रिज ठप्प झाला तिथे दाते संपले. आणि पुढे एक सरळ रेघ. चार अंश. तीन दिवस, दिवसरात्र, कुठे केसाएवढा चढ नाही, उतार नाही. जगातला कुठलाच फ्रिज अशी रेघ काढू शकत नाही, चांगल्यातला चांगलासुद्धा नाही! शर्वरीने खोकं उचललं त्या मिनिटाला रेघ उभी वर गेली होती.

पुढे जे करायचं ते सगळं केलं. लॉगर बर्फाच्या पाण्यात आणि गरम पाण्यात तपासला, बरोबर होता. त्यांच्या दाराचं कुलूप इलेक्ट्रॉनिक, त्यात शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ कुणी आल्याची नोंद नाही. खोक्यात बर्फाच्या पिशव्या नव्हत्या. वर्कशॉपमधला एक फ्रिज बंद करून तसंच खोकं ठेवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत खोकं खोलीइतकंच गरम.

औषधाच्या बाटल्यांवर उष्णता लागली की रंग बदलणारी पट्टी असते. त्याच दुपारी मीही त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी सहाही पट्ट्या पाहिल्या, आलेख पाहिला आणि म्हणाले, "पर्फेक्ट स्टोरेज. किसने किया?" ओंकारने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवून नाही म्हटलं, पण त्यांना तो विनय वाटला असावा.

इराचं इंजेक्शन त्याच संध्याकाळी झालं. सहाही बाटल्या वापरल्या गेल्या. परवा ती मला सोसायटीच्या पार्कमध्ये सायकल चालवताना दिसली. बोर्ड मी बसवला, फ्रिज आता नीट चालतो, करवतीचे दातेही परत आले.

इथे रेफ्रिजरेशनमधले जाणकार असतील तर त्यांनी जरूर सांगावं. मी चिडणार नाही, उलट ऐकायला बसेन. देव म्हणायला जीभ रेटत नाही, योगायोग म्हणायला तो आलेख आड येतो. एवढंच झालंय, की बंद पडलेल्या कुठल्याही फ्रिजचं दार उघडलं की मी आता आधी मीटर काढत नाही. आत हात घालून बघतो.