मिशावाली केळी आणि माझं एकुलतं स्वस्तिक

माझा धाकटा मावसभाऊ बहादरपूरला केळी पिकवतो. त्याला सरळ रेघ मारता येत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. तरी त्याने मोबाइलवर केळीची एक्कावन्न चित्रं काढली, एनएफटी म्हणून, म्हणजे मालकीहक्कासकट विकायची डिजिटल चित्रं म्हणून, इंटरनेटवर ठेवली आणि सगळी विकली. एका केळीला चष्मा, एकीला तर मिशा. मावशीसमोर मी "छान" म्हणालो. तो शब्द बाहेर येताना घसा सोलून निघाला.

"एवढी खपली कशी रे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दादा, संख्या लॉक केली. आता बावन्नावं मलाही टाकता येत नाही. लोकांना तेच पाहिजे."

हा एक्कावन्न, तर आपण एकवीस. जास्त दुर्मिळ. आमच्या लोधीपुऱ्यातल्या एकवीस जुन्या दरवाज्यांची चित्रं मी दोन महिने खपून काढली आणि घरच्या ग्रुपवर जाहीर केलं : माझं पहिलं आणि शेवटचं कलेक्शन.

आमच्याकडे नव्या वहीचं पहिलं पान देवाचं असतं. म्हणून दरवाज्यांच्या आधी मी शकुनाचं एक स्वस्तिक मोबाइलवर बोटानेच काढून साइटवर चढवलं. घाईत त्याचा एक हात आखूड राहिला. वर आकडा लिहिला, एकवीस. म्हटलं, आधी लॉक करू, मग निवांत एकेक दरवाजा चढवू. 'हे कायमचं आहे, नक्की?' असं यंत्राने विचारलंसुद्धा. माझ्या डोळ्यांसमोर मिशावाली केळी होती. बटण असं दाबलं की अंगठा दुखला.

दरवाजे चढेनात. शेवटी मावसभावालाच फोन करावा लागला.

"दादा, नुसता आकडा लिहून काय होतं? जेवढी चढली तेवढ्यावर कुलूप लागतं. तुझं एकच चढलं होतं."

"मग आता?"

"आता एकच. दुसरं कलेक्शन उघड ना."

पण 'शेवटचं' हा शब्द मीच ग्रुपवर टाकला होता. बायकोने त्याला आधीच हसरा चेहरा चिकटवला होता.

"बरं, ते स्वस्तिक मला दे," तो म्हणाला. "जगात एकच आहे."

दिलं. दुसरं गिऱ्हाईक होतं कुठे? आता ते त्याच्या डीपीला आहे. केळी भरायला येणारे व्यापारी विचारतात, "भैया, ये आपने बनाया?" तो इमानाने सांगतो, आमच्या दादाने. मावशी मला हे कौतुकाने ऐकवते, आणि पुढे म्हणते, "पण त्या मिशावाल्या केळीची बातच वेगळी."