गुडघ्याची हकीकत

बाबा बालाघाटजवळ भरवेलीच्या खाणीत कामाला होते. तिथल्या मैदानावर आम्ही मुली खो-खो खेळायचो. खांबाशी वळण्यात मला तोड नव्हती.

एका सामन्यात वळताना पाय रुतला, अंग फिरलं आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. घरी पोचेपर्यंत गुडघा फुगून भोपळा झाला. बाबांनी सायकलवर बसवून मला बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हड्डी ठीक है. मोच है, सेंक करो."

नुसतीच मुरगळ म्हटल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडला. आवाजाबद्दल मला कोणी विचारलं नाही, आणि परक्यांसमोर आपणहून बोलायची आम्हा मुलींना सवय नव्हती.

सूज उतरली तशी मी पुन्हा खेळू लागले. गुडघा मधूनच दगा द्यायचा. "मोचच तं आहे, खेळ तू," बाबा म्हणायचे. जिल्ह्याच्या सामन्यात तो असा निसटला की मला उचलून न्यावं लागलं. त्यानंतर मी कधी धावले नाही. खेळाची शिक्षिका व्हायचं मनात होतं, झाले भूगोलाची.

काही वर्षांनी शाळेच्या पायऱ्यांवर पडले, तेव्हा दवाखान्यात नागपूरकडचे नवे डॉक्टर होते. हाताखाली दोन शिकाऊ डॉक्टर, एक मुलगा, एक मुलगी. मुलाने एक्स-रे उचलला.

"तो ठेव. पहिले बाईंना विचार," डॉक्टर म्हणाले.

मुलगीच विचारू लागली. गुडघा पूर्वी कधी दुखावला होता? तेव्हा पाय कसा वळला? आवाज आला होता? सूज लगेच आली, की दुसऱ्या दिवशी? मी सांगत गेले.

"लगेच आली म्हणजे आत रक्त साचलं असेल," ती म्हणाली.

"काहून साचलं?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"आतलं लिगामेंट तुटलं असेल. ते एक्स-रेत दिसत नाही."

तिने माझा गुडघा दुमडून नडगी पुढे ओढली. टेबलाच्या ढिल्या खणासारखी ती सरकली. मुलीचा चेहरा उजळला, अन् माझ्याकडे पाहून लगेच उतरला.

"आता बरं होईल?" मी विचारलं.

"उशीर झाला, बाई," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाच खेळ थांबला असता तर आतली गादी तरी वाचली असती."

माझ्यासोबत आलेले बाबा बाकावर बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मले वाटलं, फोटोत सगळं दिसते. तुलेच विचाराले पाह्यजे होतं."

"जाऊ द्या, बाबा," मी म्हणाले. माझ्या मनातून मात्र ते जात नव्हतं.

पुढे नवे शिकाऊ आले की डॉक्टर मला बोलावत. एक्स-रे लपवून त्यांना नुसतं विचारायला लावत. कोणी चिकाटीने विचारी, कोणी घाईने 'मोच' म्हणून मोकळा होई. बरोबर उत्तर आलं की डॉक्टर खूश होत. मी मात्र घरी जाताना मैदानाचा रस्ता टाळायची.