पेशकाराचा पेला

जयपूरच्या फौजदारी कोर्टात निकाल लिहायचे मॅजिस्ट्रेट, पण वाचून दाखवायचा त्यांचा पेशकार. दंड असला की तो सरळ वाचायचा. कैद असली की आधी पितळी पेल्यातलं पाणी प्यायचा. पाच तारखांना हजेरी लावून मला हे पाठ झालं होतं. नव्या राजस्थानच्या जुगाराच्या कायद्याखाली मी आरोपी होतो. दिवाळीत मित्राकडे पैसे लावून पत्ते खेळलो, असा आरोप. कैद झाली तर सरकारी मास्तरकी गेलीच.

माझं नाव पुकारलं आणि त्यानं पेला उचलला. पेला माझ्यासमोर आला.

"पी लो, माट साब. बरी हो गए."

निर्दोष सुटलो म्हटल्यावर मी तो घटाघटा रिकामा केला. पुढच्या माणसाला सहा महिने होते. ते पेशकारानं कोरड्या घशानं वाचले.