तिच्या नावाची मूठ

टेम्पोनं एका भटक्या कुत्रीची कंबर मोडली, तेव्हा डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे एकच सल्ला होता: खाडीकाठी सोडून या. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तिला घरात आणली.

सासूनं कपाळावर हात मारला. "कानबाई येवाना पहिले हाई बाहेर काढ. तिना मांगला पाय मरी ग्यात."

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्याआधी घर धुऊन लख्ख करायचं, आणि इथं मधोमध फरफटणारी कुत्री. सासूचं चुकत नव्हतं. पण माघार माझ्या रक्तातच नाही, त्याला मी काय करू?

जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. डोकं फक्त 'चल' आणि 'थांब' सांगतं. आधी डावा पाय, मग उजवा, हा ताल कमरेजवळच्या मज्जारज्जूतच असतो. डोक्याकडून येणारी वाट तुटली तरी खाली तो जिवंत असू शकतो, फक्त जागा करावा लागतो. शेठ घरी झोपलेला असला तरी कारखान्यातले लूम चालतातच की, मी मनात म्हटलं.

घरात साड्यांचे सुटे धागे कापायचं, धागा-कटिंगचं काम चालतं, म्हणून डागी साडी शोधावी लागली नाही. तिची झोळी केली, कुत्रीच्या पोटाखाली घातली आणि रोज गल्लीत चालवायला निघाले. पोरं हसायची. "पालखी निकळी!" म्हणायची. मी म्हणायचे, वाट सोडा मग पालखीला.

पाय मात्र लोंबतच राहिले. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि चिडल्याच. "दीदी, झूला दे रही हो क्या? पैर ज़मीन को लगने दो!" दयेपोटी मी तिला उचलूनच धरत होते. जमीन तळव्याला लागायला हवी, पाय मागे खेचला जायला हवा, तेव्हा कुठे आतला ताल उठतो. मग झोळी जरा सैल सोडली. तळवे खरचटले, मी हळद लावली आणि पुन्हा निघाले.

कानबाई चार दिवसांवर आली, तेव्हा झोळीतला भार अचानक हलका झाला. डावा पाय पुढे आला. मग उजवा. वेडेवाकडे, दारुड्यासारखे, पण आपले आपण. मी भर गल्लीत रडले, आणि कुणाच्या बापाची भीती बाळगली नाही.

सासू दारात उभी होती. "हाई काय चालनं शे? डोकाले खबर नही आन् पाय हालतस."

मला राग आला. दिवसभर माझी बोटं धागे कापतात, तेव्हा माझं डोकं तरी कुठं तिथं असतं? ते काम नव्हे का? मी तसंच विचारलं.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायची वेळ आली. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. सासऱ्यांची झाली, नवऱ्याची झाली. मी सुपात आणखी एक मूठ टाकली.

"हाई कोणनी?"

"कुत्रीनी. घरनी शे ती."

सासू बघतच राहिली. बायांच्या नावानं मूठ नसते, तिथं कुत्री! मग मी आणखी एक टाकली. "आन् हाई मन्ही."

सासूनं सुपात हात घातला. आता ती त्या मुठी परत काढणार, असं मला वाटलं. तिनं गहू नीट पसरले, खडे वेचायला लागली, आणि खाली मान घालूनच म्हणाली, "मन्ही बी टाक."