उकडलेल्या अंड्याचा ससा

टायफॉइडमधून मुलगी उठली तेव्हा तिचे हात अगदी काडीसारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, रोज एक उकडलेलं अंडं द्या. माझं माहेर धुळ्याचं, तिथे अंड्याचं कुणाला काही वाटत नाही. पण जळगावच्या आमच्या घरात सासूबाई आहेत. त्या यावलकडच्या, त्यांनी जन्मात अंड्याला हात लावलेला नव्हता. मी भीतभीतच विषय काढला. त्या म्हणाल्या, "पोरीसाठी आहे ना, मंग आण. भांडं तेवढं येगळं ठेव."

अडचण निघाली ती मुलीचीच. अंडं दिसलं की ती तोंड फिरवायची. मग मोबाइलवर मला जपानी आयांचे व्हिडिओ सापडले. डब्यात अंड्यांचे ससे, अस्वलं, झोपलेली पिल्लं. ते लोक डोळे-तोंड समुद्रातल्या काळ्या शेवाळाच्या पापडीचं करतात. ती इथे कुठे मिळणार? मी मिऱ्यांचे डोळे केले, गाजराचे कान खोचले, बिटाच्या पाण्याने गाल रंगवले. मुलीने टाळ्या वाजवल्या.

सकाळी ससा बनवायचा, फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा आणि ऑफिस गाठायचं, असा माझा क्रम सुरू झाला. मुलगी दुपारी शाळेतून येई, तेव्हा घरी सासूबाईच असत. संध्याकाळी ताटली रिकामी दिसे. ऑफिसातल्या बायका म्हणत, किती हौशी आई आहेस. मला ते फार आवडायचं. मुलीचे गालही भरत होते, त्याचं श्रेय मी मनातल्या मनात घेऊन टाकलं होतं.

एका रविवारी ओल्या कचऱ्याची बादली रिकामी करताना तळाशी मिरे दिसले. सोबत गाजराचे कान, एक-दोन नव्हे, बरेच. माझं डोकंच फिरलं. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, तुम्हाला चालत नव्हतं तर तसं सांगायचं. पण पोरीच्या तोंडचं कशाला फेकायचं?"

त्यांनी वर पाहिलं, मग पुन्हा मेथीकडे. ते नजर वळवणं मला कबुलीसारखं वाटलं, म्हणून मी आणखी बोलले. त्यांचं सोवळं नातीपेक्षा मोठं आहे, असंही म्हणाले.

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी फेकत नाही. आजी भरवते मला."

"मग हे काय?"

"ससा माझ्याकडे बघतो. मग मला रडू येतं."

तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "तिले त्या डोयाची भीती वाटे. मंग मी डोये काढू, कान काढू, अंडं कुस्करून वरणभातात कालवू. ससा त्याच्या गावाले गेला म्हणू. खाये मंग."

"तुम्ही हाताने कुस्करलंत?"

"चमच्यानं बारीक होत नाही, माय. नंतर आंघोय करू मी."

म्हणजे मी ऑफिसात कौतुक ऐकत असायचे, तेव्हा ही बाई रोज दुसऱ्यांदा आंघोळ करत होती. मी "चुकलं माझं" म्हणाले. त्यांनी "जाऊ दे" म्हणून मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नुसतंच अंडं उकडते, कुस्करूनही ठेवते. पण मुलीला ते माझ्या हातचं नको असतं. तिला आजीनेच कालवलेलं लागतं. त्यामुळे सासूबाईंची ती दुसरी आंघोळ काही सुटली नाही. थंडीच्या दिवसांत दुपारी गिझर लावायला सांगून पाहिलं, तर त्या म्हणतात, "कायले? सवय आहे मले." मी ऑफिसातून फोन करते, जेवण झालं का विचारते. आंघोळीचं विचारायचा धीर होत नाही.