एका सातबाऱ्यावर एकतीस नावं

"सही करून टाक ना, रिपोर्ट तर हिरवा आहे," पुण्याहून आमचे मॅनेजर मंदार सर फोनवर म्हणाले. हिरवा म्हणजे पास. धानाच्या ऑनलाइन नोंदणीचं आमचं पोर्टल सोमवारी सुरू होणार होतं. ते गर्दीत टिकेल, अशी सही टेस्टर म्हणून मला करायची होती.

मी गोंदियाजवळ मुर्रीत घरूनच काम करते. काम लोड टेस्टिंगचं. म्हणजे खरी माणसं यायच्या आधी कॉम्प्युटरनेच दोनशे खोटी माणसं वेबसाइटवर सोडायची आणि पान उघडायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्याला म्हणतात रिस्पॉन्स टाइम. माझ्या टेस्टमध्ये तो होता दोन सेकंद. आणि दवनीवाड्याच्या धान खरेदी केंद्रावर ट्रायल घेणारे ऑपरेटर देवेंद्रभाऊ सांगत होते चाळीस!

"म्याडम, चक्का घुमूनच राहिला. काऊन असं होऊन राहिलं?"

मी सरांना सांगितलं. "तुमच्याकडचं नेट स्लो असेल," ते म्हणाले. माझं डोकंच सणकलं. गोंदियात काही अडलं की नेटच्या नावानं बिल फाडायचं! स्कूटी काढली आणि दवनीवाडा गाठलं.

आधी भाऊंच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच नेटवर, माझ्या टेस्टमधला गट नंबर टाकला. दोन सेकंद. म्हणजे नेट निर्दोष. मग ट्रायलला आलेल्या एका काकांचा खरा गट नंबर टाकला. चाळीस सेकंद. सर्व्हरची नोंद तपासली, तर सगळा वेळ त्यानेच खाल्लेला. तोवर पान उघडलं आणि मी बघतच राहिले. एका सातबाऱ्यावर एकतीस नावं.

"काका, एवढी?"

"आज्याची धानाची बांधी हाय, बाई. वाटे तोंडीच झाले. काके, पुतने, लगन होऊन गेलेल्या पोरी, सारेच हायेत त्याच्यात."

"अन् तुमच्या टेस्टात किती होते?" भाऊंनी विचारलं.

"एक," मी म्हणाले. शरम वाटली हो! टेस्टचा डेटा पुण्यात बनला होता, एका सातबाऱ्याला एक मालक. पण आमच्या स्वतःच्या घरच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. मला सुचू नये?

गोम अशी होती, की आमचा प्रोग्राम प्रत्येक नावासाठी डेटाबेसकडे वेगळी खेप मारायचा. एकतीस नावं, एकतीस खेपा.

घरी येऊन प्रत्येक खोट्या शेतकऱ्याला एकतीस-एकतीस नावं दिली. मंदार सरांना स्क्रीन दाखवत टेस्ट चालवली. पाचच मिनिटांत सर्व्हर आडवा.

"सोमवारी अख्ख्या जिल्ह्यात हेच झालं असतं, सर. आणि शिव्या देवेंद्रभाऊंनी खाल्ल्या असत्या. मी सही करत नाही."

"बरं बाई, मग करायचं काय?"

"सगळी नावं एकाच खेपेत आणा."

डेव्हलपर्सनी दोन दिवसांत ते केलं. पुन्हा टेस्ट. दोनशे माणसं, एकतीस नावं, तीन सेकंद! तेव्हा कुठे मी सही केली.

सोमवारी दुपारी भाऊंचा फोन. "म्याडम, रांग सरकूनच राहिली. चहाले फुरसत नाही!" मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. सासूबाईंना वाटलं, लॉटरी लागली.

टेस्टिंगचं टूल खोटं बोललं नव्हतं. आम्ही एकट्या माणसाचं विचारलं, त्याने एकट्याचं सांगितलं. आता कुणीही हिरवा रिपोर्ट पुढे केला, की मी एकच विचारते: या डेटाला भाऊबंद आहेत का?